पाहुणा 'मिड' म्हणाला तर खूश व्हायचं की नाही? नव्या इंग्रजीशी जमवून घ्यायची रीत

आपल्याकडे गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूची कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकलेली, त्यामुळे इंग्रजीचं भय असं कोणाला नसतं, उलट व्याकरण कधी कधी पाहुण्यापेक्षा आपलंच बरं असतं. तरी हल्ली होमस्टे चालवणारे, हॉटेलात रिसेप्शनला असलेले, घरून परदेशी क्लायंटचं काम करणारे सगळे एकच रडगाणं गातात, की शब्द सगळे ओळखीचे आहेत पण वाक्य काय म्हणतंय ते कळत नाही. हे त्यांच्यासाठी लिहितोय, आणि ज्यांच्या घरात आठवी-नववीतलं पोर मोबाइल घेऊन बसलेलं आहे त्यांच्यासाठी.

शब्दांची यादी काही देणार नाही. यादी पाठ केली तर पुढच्या सीझनपर्यंत ती शिळी होते, मग परत नवी पाठ करा, कोणी सांगितलंय? त्यापेक्षा शब्द समोर आला की काय करायचं ते सांगतो. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे घोळ नको: स्लँग, म्हणजे तरुणांची आपापसातली बोली, समजली पाहिजे, बोलायची गरज नाही. जार्गन, म्हणजे धंद्यातली नि ऑफिसातली भाषा, ती मात्र समजलीही पाहिजे आणि वापरताही आली पाहिजे, कारण तिच्यात पैसे अडकलेले असतात.

एक मेसेज घेऊ. पुण्या-मुंबईचे, बंगळुरूचे पंचविशीतले लोक रूम विचारताना साधारण असं लिहितात: 'हे ब्रो, प्लेस लुक्स फायर एनजीएल, बट रिव्ह्यूज आर लोकी मिड. वायफाय सॉलिड आहे ना, नो कॅप? देन वी आर डाउन फॉर फाइव्ह नाइट्स.' यात आग कुठे लागलेली नाही आणि कोणी आजारीही नाही. फायर म्हणजे एकदम भारी. एनजीएल ही नॉट गॉना लायची आद्याक्षरं, खोटं कशाला बोलू या अर्थाने. नो कॅप म्हणजे थाप नाही ना, खरं सांग. डाउन फॉर म्हणजे तयार आहोत. लोकी म्हणजे जरासं, हळूच सांगतोय अशा सुरात. आणि मिड म्हणजे सुमार, ना धड चांगलं ना धड वाईट, पण बोलण्याचा रोख वाईटाकडेच.

तर या अख्ख्या मेसेजात तुमच्या कामाचा शब्द एकच, मिड. दिसायला गरीब, मध्यम वगैरे वाटतो, म्हणून आपण सोडून देतो. पण आजचं तरुण गिऱ्हाईक 'बॅड' क्वचितच लिहितं, ते 'मिड' लिहितं आणि दुसरीकडे बुक करतं. म्हणून उत्तर देताना फायरवर थँक यू थँक यू करत बसू नका, रिव्ह्यूत कोणती गोष्ट खटकली ते विचारा, वायफायचा खरा स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवा आणि पाच रात्रींचा रेट सांगा. उत्तर साध्या स्वच्छ इंग्रजीत. 'येस ब्रो नो कॅप वायफाय इज बसिन' असं लिहिलंत तर समोरचा हसेल, आणि बसिन तर खाण्याच्या चवीला म्हणतात, वायफायला नाही.

आता रीत. अनोळखी शब्द आला की अर्थ शोधायच्या आधी फक्त एवढं ठरवायचं, की ही स्तुती आहे का तक्रार आहे. नव्या स्लँगमधली निम्मी गंमत उलट्या शब्दांची असते, सिक, इन्सेन, किल्ड इट, डेड, हे सगळे ऐकायला भयंकर आणि अर्थाने कौतुक किंवा हसू. माझ्या ओळखीतल्या एका शॅकवाल्याला, म्हणजे किनाऱ्यावर तात्पुरतं हॉटेल उभारणाऱ्याला, कोणीतरी रिव्ह्यू लिहिला, 'द शेफ एट अँड लेफ्ट नो क्रम्ब्स.' झालं, मालकाने किचनमध्ये जाऊन आचाऱ्याला फैलावर घेतलं की पाहुण्याच्या ताटातलं खातोस की काय, चुरासुद्धा ठेवला नाहीस म्हणतात. तो बिचारा शपथा घेतोय. भाचीने येऊन रिव्ह्यूच्या वरचे पाच तारे दाखवले तेव्हा प्रकरण मिटलं, कारण 'एट' म्हणजे कमाल करून दाखवली आणि 'नो क्रम्ब्स' म्हणजे कुठेच उणं ठेवलं नाही. म्हणून म्हणतो, शब्द नंतर, आधी तारे बघा, इमोजी बघा, पाहुणा परत येणार म्हणतोय का बघा. कवटीची इमोजी आली तर घाबरू नका, ती हसून मेलो या अर्थाची आहे. तुमचा अंगठा मात्र जपून वापरा, बऱ्याच पोरांना तो 'बरं बरं, कळलं, गप बस' असा वाटतो, आणि एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर तुम्ही रागावलात असा त्यांचा समज होतो.

उलट्यातही उलटे असतात आणि इथे जरा थांबायला पाहिजे. कुक हे क्रियापद घ्या. 'आय ॲम कुक्ड' म्हणजे माझी वाट लागली. 'शी कुक्ड' म्हणजे तिने झकास केलं. 'लेट हिम कुक' म्हणजे मध्ये बोलू नको, तो काहीतरी करतोय ते करू दे. शब्द तोच आणि मध्ये एक 'ॲम' आला की कौतुकाचा बोजवारा झाला. त्याहून वाईट 'पीक'. इंटरनेटवर 'पीक' म्हणजे सर्वोत्तम, पण लंडनच्या पोरांच्या बोलीत 'दॅट्स पीक' म्हणजे फार वाईट झालं रे. आता कळंगुटला बसलेला लंडनचा पोरगा पावसाकडे बघून पीक म्हणाला तर त्याला पाऊस आवडला असं समजायचं नाही. म्हणजे शब्द कोण बोलतोय, कुठला आहे, किती वयाचा आहे, हे कळल्याशिवाय अर्थ काढूच नये. इंग्रज म्हाताऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी, ते 'यू ऑलराइट?' म्हणतात ते नुसतं नमस्कार-चमत्कार असतं, त्याला आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगू नये. त्यांचं 'नॉट बॅड' म्हणजे चांगलंच आहे, आणि 'क्वाइट गुड' म्हणजे ठीकठाक, तर अमेरिकन माणसाचं 'क्वाइट गुड' म्हणजे खरंच चांगलं. रशियन पाहुण्यांशी हा त्रास होत नाही, त्यांची इंग्रजी बहुधा तुमच्या-आमच्यासारखीच शाळेतली असते.

आणि हे फक्त त्यांच्याकडेच होतं असं नाही हं. पणजीच्या बस स्टँडवर उतरलेल्या नवख्या माणसाला कोणी सांगितलं की 'पायलट घ्या, दोन मिनिटांत पोचाल' तर तो आधी आकाशाकडेच बघणार. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी हे त्याला कोण सांगणार? आपल्याला त्यात चमत्कारिक काहीच वाटत नाही, तसंच त्यांना त्यांच्या शब्दांचं.

अर्थ शोधायचा कसा. नुसता शब्द गुगलला टाकलात तर जुना, डिक्शनरीतला अर्थ वर येतो, 'कॅप' टाकलं तर टोप्या विकायला येतील. शब्दापुढे 'स्लँग मीनिंग' लिहा. पहिल्यांदा मेरियम-वेब्स्टरसारख्या डिक्शनरीच्या साइटवर स्लँगचा वेगळा विभाग असतो तो बघा, तिथे थोडे शब्द असतात पण अर्थ तपासलेले असतात. विक्शनरीवर जास्त सापडतात आणि कुठल्या देशात बोलतात तेही लिहिलेलं असतं. अर्बन डिक्शनरी 1999 पासून आहे, तिथे कोणीही उठून अर्थ लिहितो आणि लोक त्याला मतं देतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक शब्दाचा एक तरी घाणेरडा अर्थ तिथे सापडतोच, खरा असो नसो. वरचे दोन-तीन वाचा, मतं बघा आणि बाहेर पडा, आणि मुलांसमोर उघडू नका. एखाद्या मीममधून आलेलं काही असेल तर नो युअर मीम ही साइट कुठून सुरू झालं ते तारखांसकट सांगते.

चॅटबॉटला विचारलं तर चालेल का? चालेल, पण अर्थ विचारू नका, त्या शब्दाची चार-पाच वाक्यं मागा आणि ती वाक्यं तुमच्या मेसेजशी जुळतात का बघा. ही यंत्रं न येणाऱ्या गोष्टीचंही ठणकावून उत्तर देतात, त्याला 'हॅल्युसिनेट' होणं म्हणतात, आणि याच अर्थासाठी केंब्रिज डिक्शनरीने 2023 चा शब्द म्हणून 'हॅल्युसिनेट' निवडला होता. शेवटचा उपाय सगळ्यात सोपा, इन्स्टाग्रामवर तो शब्द शोधायचा आणि कमेंट वाचायच्या. दहा माणसं तो कशाखाली लिहितात हे बघितलं की डिक्शनरी लागत नाही.

नाहीतर सरळ विचारा ना! 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' एवढं विचारण्यात कसला कमीपणा, उलट पाहुणा खुलतो, समजावून सांगतो आणि आपली एक ओळख वाढते. चुकीचं समजून घेऊन यस सर म्हणणं जास्त महाग पडतं.

शब्द येतात कुठून हे थोडं माहीत असलं की वापरायचे का नाही ते आपोआप कळतं. नो कॅप, स्ले (कमाल करणे), शेड (आडून मारलेला टोमणा), यातले बरेच शब्द अमेरिकेतल्या काळ्या समाजाच्या इंग्रजीतून आणि न्यूयॉर्कच्या बॉलरूम मंडळींच्या, म्हणजे नाच-फॅशनच्या स्पर्धा भरवणाऱ्या समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या, बोलण्यातून आलेले आहेत, मग ते टिकटॉकवर गेले आणि जगाने उचलले. त्यामुळे कुठल्या तोंडी शोभतात कुठल्या नाही याबद्दल तिकडे लोक हळवे आहेत, ते आपल्याला लांबून दिसत नाही. शिवाय भारतात टिकटॉक जून 2020 पासून बंद, म्हणजे आपल्याकडे हा माल रील्स आणि शॉर्ट्सवरून फिरून येतो, बहुतेक वेळा उशिरा. आपण उत्साहाने शब्द वापरायला घ्यावा आणि तिकडच्या पोरांनी तो केव्हाच टाकून दिलेला असावा, असं होतं. ओळखायची खूण सांगू? बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या जाहिरातीत शब्द दिसला की समजा तो पोरांच्या दृष्टीने संपला.

डिक्शनरीत गेला म्हणून टिकतो असंही नाही आणि नवा वाटतो म्हणून नवा असतो असंही नाही. 'रिझ', म्हणजे समोरच्याला भुलवायची हातोटी, कॅरिझ्मातून तोडून काढलेला, ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवरच्या काय सिनॅट नावाच्या अमेरिकन तरुणाने पसरवला आणि ऑक्सफर्डने 2023 चा शब्द ठरवला. पुढच्या वर्षी 'ब्रेन रॉट' आला, फालतू रील्स बघून डोक्याचा भुगा होणे या अर्थाने, आणि शोधायला गेले तर अमेरिकन लेखक थोरोने तो 1854 मध्येच लिहिलेला निघाला. 'ओके'सुद्धा असाच, 1839 मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून केलेला पाणचट विनोद होता, त्या काळचं एनजीएलच म्हणा. आज आपली आजीपण ओके म्हणते. कुठला टिकेल ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून पाठांतर नको. आणि इंग्रजीला आपल्याकडचंही काही वर्ज्य नाही, गोव्यातल्या पोर्तुगीजांचं विन्या दाल्यूश, म्हणजे वाइन-लसणातलं मांस, विंडालू होऊन इंग्रजांच्या मेनूवर बसलं, 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या डिक्शनरीत आधार, चाळ, डब्बा, हरताळसुद्धा गेले.

आता जार्गन. इथे मात्र वही काढा.

हॉटेल लाइनमध्ये नवीन लागलेल्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात, 'ओटीएचं बुकिंग आहे, चार पॅक्स, नो-शो झालं तर चार्ज कर, वॉक-इन आलं तर रॅक रेट सांग.' ओटीए म्हणजे ऑनलाइन बुकिंगच्या साइट, पॅक्स म्हणजे माणसं, नो-शो म्हणजे बुक करून न येणारा, वॉक-इन म्हणजे बुकिंगशिवाय दारात उभा राहिलेला, रॅक रेट म्हणजे सूट न देता छापील भाव. पीएमएस म्हणाले तर लाजू नका, ते रूमचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर आहे. यातला एक शब्द चुकला तर कोणाच्या तरी खिशातून पैसे जातात, म्हणून पहिल्या आठवड्यात सिनियरला प्रत्येक शब्द विचारून घ्या. पहिल्या आठवड्यात विचारलं तर कोणी नावं ठेवत नाही, तिसऱ्या महिन्यात विचारलं तर ठेवतात.

घरून परदेशी काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे शब्द सोपे आणि मतलब आत दडवलेला. 'लेट्स सर्कल बॅक' म्हणजे आता नको, आणि पुष्कळदा कधीच नको. 'आय डोन्ट हॅव बँडविड्थ' यात नेटचा काही संबंध नाही, मला वेळ नाही एवढंच. 'लेट्स टेक धिस ऑफलाइन' म्हणजे सगळ्यांदेखत हा विषय नको. 'ॲज पर माय लास्ट ईमेल' दिसलं की समजा साहेब चिडलेत, मागचा मेल आधी वाचा. 'ईओडी' म्हणजे दिवसअखेर, पण कोणाच्या दिवसाची? न्यूयॉर्कच्या क्लायंटचे संध्याकाळचे पाच म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपले रात्रीचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. सरळ उलट विचारायचं, 'इंडियन टाइमने किती वाजता पाहिजे?' आणि उत्तर लेखी घ्यायचं. 'टेबल करूया' म्हणाले तर आणखी सावध, इंग्रज माणूस विषय चर्चेला घेतोय आणि अमेरिकन माणूस तो बाजूला ठेवतोय.

आपल्या इंग्रजीचाही त्यांना त्रास होतो हे विसरू नका. आपण 'काइंडली रिव्हर्ट' लिहितो ते उत्तर द्या या अर्थाने, त्यांच्याकडे रिव्हर्ट म्हणजे होतं तसं परत करणे, आणि वेबसाइटचं काम करणाऱ्याला तुम्ही असं लिहिलंत तर तो केलेलं काम काढूनही टाकेल. तिथे 'रिप्लाय' लिहा. 'डू द नीडफुल'ने नक्की काय करायचं ते त्यांना कळत नाही, काय पाहिजे ते लिहा. 'प्रीपोन' मला व्यक्तिशः फार आवडतो आणि ऑक्सफर्डमध्ये आहेही, तरी अमेरिकन क्लायंटला 'मूव्ह अप' म्हटलेलं बरं.

एआयवाल्यांचं जार्गन रोज वाढतंय, त्यातले मोजकेच पुरे. प्रॉम्प्ट म्हणजे यंत्राला दिलेली सूचना. 'स्लॉप' म्हणजे एआयने भराभर ओकलेला निकृष्ट मजकूर नि चित्रं, मेरियम-वेब्स्टरचा 2025 चा शब्द. क्लायंट तुमच्या कामाला स्लॉप म्हणाला तर तो शिवी देतोय. 'व्हाइब कोडिंग' म्हणजे स्वतः कोड न लिहिता एआयला बोलून करून घेणे, हा शब्द फेब्रुवारी 2025 मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपाथीने काढला आणि त्याच वर्षी कॉलिन्स डिक्शनरीने वर्षाचा शब्द केला. इंटरव्ह्यूला विचारतात म्हणून सांगितलं.

राहिले आई-बाबा. तुमचं पोर 'सिक्स-सेवन' म्हणून हात वरखाली करत असेल तर अर्थ शोधू नका, त्याला अर्थ नाही, एका रॅपमधून निघालं, शाळा-शाळांत पसरलं आणि डिक्शनरी डॉट कॉमने 2025 चा शब्दही करून टाकलं. 'स्किबिडी'ही जवळपास तसंच, तो तर 2025 मध्ये केंब्रिज डिक्शनरीत गेला. आपण लहानपणी जत्रेतल्या नाटकाच्या विनोदी पात्राची वाक्यं महिनाभर बडबडत नव्हतो का, आणि मोठ्यांना त्यात काय हसायचं ते कळत होतं का? गप बघत राहा. त्यांच्या मित्रांसमोर तो शब्द स्वतः वापरून दाखवलात तर मात्र पोर तुमच्याशी आठवडाभर बोलणार नाही. अर्थात खोड मोडायचीच असेल तर हाच उपाय, चवथीला सगळं कुटुंब जमलं की आरतीनंतर काकाने एकदा 'सिक्स-सेवन' म्हणायचं, शब्द तिथल्या तिथे मरतो.

एका जातीच्या शब्दांकडे मात्र लक्ष ठेवा. ॲप काही शब्द दाबून टाकतात म्हणून पोरं ते वाकडे करून लिहितात, 'अनअलाइव्ह' म्हणजे मरणे किंवा जीव देणे. बहुतेक वेळा ते कुठल्यातरी व्हिडिओबद्दल किंवा गेमबद्दल असतं. पण पोर स्वतःबद्दल तसं लिहीत असेल तर शब्दावरून भाषण नको, मोबाइल हिसकावणं नको, शेजारी बसून सरळ मराठीत विचारा काय झालंय, आणि वाटलंच तर डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नका.

नोंद ठेवायची असेल तर मोबाइलमधल्या नोट्समध्ये ठेवा, पण 'मिड म्हणजे सुमार' अशी नको. अख्खं वाक्य लिहा, कोण बोललं, कुठला होता आणि महिना-वर्ष. सीझन संपला, शॅक मोडायला घेतले की एकदा चाळा, वर्षभरात परत कानावर न आलेले उडवून टाका.

आणि बोर्डाचं राहिलंच. काही तरुण मालकांना वाटतं आपणही पाटीवर 'अवर फिश थाली इज बसिन' लिहावं. रोजचा मासा लिहायचा जो काळा फळा असतो त्यावर खडूने लिहा की खुशाल, आवडलं नाही तर उद्या पुसता येतं. फ्लेक्स छापणार असाल, मेनू कार्ड लॅमिनेट करणार असाल, तर 'फ्रेश फिश थाली' आणि भाव एवढंच पुरे, आणि छापायला टाकायच्या आधी स्पेलिंग दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या.